शेवटची तारीख पाकीट टाकायची नसते

वाचक विचारतात

काकू, नमस्कार. आम्ही सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहतो. यजमान यंत्रमागावर आहेत, मी घरी शिलाई करते. मुलगी सातवीत आहे. देहरादूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची (नावाला कॉलेज, पण ती आठवीपासूनची शाळा आहे) प्रवेश परीक्षा द्यायची असं तिनं ठरवलंय. सहाशे रुपये ऑनलाइन भरले, देहरादूनहून फॉर्म घरी आला. तो भरून कागदपत्रांसह पुण्याला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेत पोचवायचा आहे. शेवटची तारीख 31 मार्च. अधिवासाच्या दाखल्याचा अर्ज मागच्या आठवड्यात सेतूत दिला, शाळेचा दाखला अजून मिळायचाय. धाकटे दीर म्हणतात, तीस तारखेला कुरिअरला टाकलं की एकतीसला पोचतंय. शाळेतले क्लार्क म्हणतात, रजिस्टर एडीच करा. शेजारच्यांनी परिषदेचा पत्ता दिलाय तो लाल देवळासमोरचा. मूळ कागद पाठवायचे की झेरॉक्स? वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी आहे. रात्री झोप लागत नाही. – एक आई

उत्तर

ताई,

आधी दिरांचं बोलू. ते चांगल्या मनानं सांगतायत, पण या बाबतीत त्यांचं ऐकू नका. जाहिरातीत छापलेली तारीख ही पाकीट टाकायची तारीख नसते. त्या दिवशी कार्यालय बंद होण्याआधी पाकीट त्यांच्या टेबलावर असायला लागतं. सोलापुरात तुम्ही ते कधी टाकलंत याच्याशी तिथल्या माणसाला काही देणंघेणं नसतं.

मी सत्तावीस वर्षं एका शाळेच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळली. टपाल आलं की काय होतं ते सांगते. शिपाई गठ्ठा आणून टेबलावर ठेवतो. कारकून कात्रीनं पाकिटाची कड कापतो, आतले कागद बाहेर काढतो आणि वरच्या कोपऱ्यात आवक शिक्का मारतो. शिक्क्यात त्या दिवसाची तारीख, खाली पेननं आवक क्रमांक. पुढं त्या अर्जाचं वय त्या शिक्क्यावरून मोजलं जातं. ज्या पाकिटावर टपाल खात्याचा शिक्का असतो, ते पाकीट तोवर बहुतेक वेळा टेबलाखालच्या टोपलीत गेलेलं असतं. म्हणून 'आम्ही तीस तारखेलाच टाकलं होतं' हे वाक्य कितीही खरं असलं तरी तिथं चालत नाही. जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतंच, टपालातल्या विलंबाची जबाबदारी कार्यालयावर नाही.

हे मी एका मुलाच्या नुकसानीवरून शिकले. आमच्या शाळेतल्या एका मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मी साध्या टपालानं पाठवला होता. वजन हातानं तोललं, अंदाजानं तिकिटं चिकटवली. तिकिटं कमी पडली आणि पाकीट बेरंग झालं. बेरंग म्हणजे कमी पडलेल्या पैशाच्या दुप्पट रक्कम घेणाऱ्यानं भरायची. सरकारी कार्यालय ते का भरेल? त्यांनी घेतलं नाही. बारा दिवसांनी तेच पाकीट माझ्या टेबलावर परत आलं, तारीख उलटून गेली होती. त्याचे वडील कार्यालयात आले, काही बोलले नाहीत, नुसतं पाकीट हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले. ते दिवस गेले, पण त्यानंतर मी कुणाचाही अर्ज वजनकाट्यावर ठेवल्याशिवाय पाठवला नाही.

आता उलटी मोजणी करू. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि 31 मार्चवरून मागं या. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. पोस्टमन शनिवारी फिरतो, पण कार्यालयाला शनिवारी कुलूप असतं. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पुण्यात पोचलेलं पाकीट सोमवारीच आत जाणार. त्यात मार्चमध्ये धुळवड, गुढीपाडवा, कधी ईद, कधी महावीर जयंती. ही लाल तारखांची घरं पेन्सिलनं खोडून टाका आणि उरलेले दिवस मोजा. एकतीस तारीखच सुट्टीत पडत नाही ना, तेही बघून घ्या. सोलापूर ते पुणे स्पीड पोस्ट दोन-तीन दिवसांत पोचतं असा अनुभव आहे, पण तुम्ही सहा धरा. तुमचं पाकीट 12 मार्चच्या आसपास निघालं पाहिजे. पंधरा तारीख ओलांडू देऊ नका.

इतकी घाई का करते, तेही सांगते. तुमच्या हातात जो फॉर्म आहे त्यावर त्या कॉलेजचा होलोग्राम आहे. झेरॉक्स केलेला किंवा बाहेर छापून घेतलेला फॉर्म ते धरत नाहीत. पाकीट हरवलं तर दुसरी प्रत काढून पाठवू, हा रस्ता तुम्हाला बंद आहे. पुन्हा पैसे भरून देहरादूनहून नवा फॉर्म मागवावा लागेल आणि तोही टपालानंच येणार. बारा तारखेला टाकलंत तर काही बिनसलं तरी तेवढे दिवस हाताशी राहतात. साडेअकरा वर्षं पूर्ण आणि तेराच्या आत, अशी त्यांची वयाची अट आहे, परीक्षा वर्षातून दोनदा. म्हणजे एका लेकराला फार तर तीनदा संधी. 1922 पासूनचं हे कॉलेज, मुलींना दार उघडलं ते 2022 मध्ये. तुमच्या लेकीनं तिथं जायचं मनावर घेतलंय, तर तिचा फॉर्म एखाद्या लाल तारखेपायी अडकू नये असं मला मनापासून वाटतं.

अधिवासाचा दाखला. त्याचं पूर्ण नाव वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र. सेवा हक्क कायद्याखाली त्याला पंधरा दिवसांची मुदत आहे. सेतूतून मिळालेल्या पावतीवर अर्जाचा क्रमांक असेल, तो टाकून 'आपले सरकार'च्या संकेतस्थळावर अर्ज कुठवर आलाय ते बघता येतं. आठ दिवस झाले की बघायला लागा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि लोक घरी वाट बघत बसतात, हे मी फार पाहिलंय.

शाळेचा दाखला मात्र उद्याच मागा. यात मुलीचा फोटो लावून त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो, जन्मतारीख आणि इयत्ता लिहिलेली लागते. नुसतं छापील बोनाफाईड घेऊन येऊ नका, ते परत करायला लागेल. तोंडी सांगू नका. एका कागदावर चार ओळींचा अर्ज लिहा, दाखल्यात काय काय हवं ते त्यात मांडा, कार्यालयात द्या आणि तुमच्या प्रतीवर सही घ्या. क्लार्कच्या टेबलावर दहावी-बारावीच्या परीक्षांचे कागद पडलेले असतात, मार्चअखेरची बिलं असतात, तोंडी सांगितलेलं त्यात बुडून जातं. लेखी अर्ज टेबलावर राहतो. मीही आधी कागदावरचंच काम उपसायचे.

सगळे कागद एकत्र आले की एक काम घाईत करू नका. जेवणं आटोपल्यावर, उजेडात बसून, जन्माचा दाखला, आधार, शाळेचा दाखला आणि फॉर्म शेजारी शेजारी ठेवा आणि नाव अक्षर-अक्षर लावून वाचा. आपल्या सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड, शाळा मराठी आणि आधार इंग्रजीत. एकच आडनाव एकीकडे 'बोल्ली' तर दुसरीकडे 'बोली' असं पडतं. जन्माच्या दाखल्यात वडिलांचं नाव एक आणि आधारवर दुसरं, असंही असतं. फरक सापडला तर पाठवायच्या आधी दुरुस्तीला लागा. जन्माचा दाखला दुरुस्त करायला महापालिकेत इंद्रभुवनला खेटे पडतील, म्हणून हे काम आजच करा.

मूळ कागद की झेरॉक्स? जन्माचा दाखला, अधिवास, असल्यास जातीचा दाखला आणि आधारची दोन्ही बाजूंची प्रत, यांच्या साक्षांकित झेरॉक्स. मूळ फक्त दोन गोष्टी: होलोग्रामचा फॉर्म (तो दोन प्रतींत भरायचा आहे) आणि मुख्याध्यापकांचा फोटोवाला दाखला. बाकी एकही मूळ कागद घराबाहेर पाठवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. तरीही माहितीपत्रकातली कागदांची यादी एकदा स्वतः वाचा आणि एकेका कागदावर बोट ठेवून टिक करा. आणि पाकीट बंद करायच्या आधी आत जाणाऱ्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, फॉर्मच्या दोन्ही बाजूंचासुद्धा.

आता पत्ता. शेजाऱ्यांनी दिलेला पत्ता खोटा नाही, जुना आहे. परिषदेचं कार्यालय बरीच वर्षं डॉ. आंबेडकर मार्गावर लाल देवळासमोर होतं, पिन 411001. अलीकडच्या जाहिरातींत पत्ता येतो तो शिवाजीनगरातल्या भांबुर्ड्याचा, आघारकर संशोधन संस्थेच्या मागं, पिन 411004. जुना पत्ता अजून कितीतरी ठिकाणी फिरतोय. तुम्ही शेजाऱ्यांचंही घेऊ नका, माझंही घेऊ नका. तुमच्या परीक्षेच्या जाहिरातीत जो पत्ता छापलाय तोच जसाच्या तसा उतरवा.

पिनचे सहा आकडे दोनदा तपासा. पहिले तीन, 411, पाकीट पुण्यात नेतात. शेवटचे तीन ठरवतात की पुण्यातल्या कुठल्या टपाल कार्यालयातून त्याचा बटवडा होणार. एक आणि चार यांत चूक झाली की पाकीट पुण्यात पोचूनही दुसऱ्याच कार्यालयात उतरतं आणि तिथून फिरवलं जातं. दोन दिवस तिथंच जातात. ही पिनकोडची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं. ते संस्कृतचे कवीही होते. खिडकीवरचा कर्मचारी पत्ता पूर्ण वाचत बसत नाही, तो आधी पिन टाकतो. म्हणून पिन मोठ्या, सुट्या आकड्यांत लिहा.

रजिस्टर एडीचं क्लार्क सांगतात ते जुन्या सवयीनं. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टमध्ये मिसळली. आता स्पीड पोस्टच करायचं आणि खिडकीवर सांगायचं, 'रजिस्ट्रेशनसकट'. त्याचे पाच रुपये जास्त. त्यामुळं पाकीट ज्याच्या नावे आहे त्याच्याच किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या हाती जातं. ओटीपीची सोयसुद्धा आहे, तीही पाच रुपयांत, पण ती तुम्ही घेऊ नका. ओटीपी घेणाऱ्याच्या मोबाइलवर जातो आणि सरकारी कार्यालयाचा कुठला मोबाइल देणार तुम्ही? घरच्या माणसाला पाठवताना ती सोय छान आहे, इथं ती अडचण होईल.

खर्च फार नाही. तुमचं पाकीट 51 ते 250 ग्रॅममध्ये बसेल आणि पुणे 201 ते 500 किलोमीटरच्या टप्प्यात येतं, त्याला 63 रुपये. रजिस्ट्रेशन आणि जीएसटी धरून ऐंशीच्या आसपास. विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलत जाहीर झालेली आहे, तर मुलीचं शाळेचं ओळखपत्र बरोबर न्या आणि विचारा.

कुरिअर वाईट असं मी म्हणत नाही. दुकानातून दुकानात माल पाठवायला लोक रोज वापरतात. पण सरकारी कार्यालयात कुरिअरचा मुलगा पाकीट फाटकावरच्या रखवालदाराकडे देतो, त्याची सही घेतो आणि जातो. तुमच्या मोबाइलवर 'पोचलं' असा मेसेज येतो आणि पाकीट आवक विभागात जायला आणखी एक दिवस लागतो. शेवटच्या तारखेला हा एक दिवस जिवावर बेततो. म्हणून या कामाला माझं मत टपालाला.

पाकीट कसं भरायचं तेही सांगते, कारण इथं लोक निष्काळजी असतात. कागदाची घडी घालू नका. फॉर्म आडवा मावेल असं मोठं, आतून कापडी अस्तराचं पाकीट घ्या, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. होलोग्रामवर स्टेपलरची पिन येऊ देऊ नका. सगळे कागद एका यू-पिननं धरा, म्हणजे तिथल्या माणसाला उचकटावे लागत नाहीत आणि फाटत नाहीत. फोटोच्या मागं मुलीचं नाव बॉलपेननं हलक्या हातानं लिहा. पत्ताही बॉलपेननंच लिहा. जेल पेनची शाई ओल्या बोटानं पसरते आणि एक आकडा पुसला की पिन गेला. लिहून झाल्यावर पत्त्यावरून रुंद सेलोटेप लावून टाका. डावीकडं खाली 'प्रेषक' म्हणून तुमचं नाव, पत्ता, मोबाइल. वरच्या बाजूला परीक्षेचं नाव ठळक लिहा. परिषदेकडं कितीतरी परीक्षांचं टपाल येतं, गठ्ठा लावणाऱ्याला ते नाव दिसलं पाहिजे.

आणि सगळ्यात वर एक साधं पत्र ठेवा. कुणाचा अर्ज, कुठल्या परीक्षेचा, सोबत कोणकोणते कागद आणि एकूण किती पानं, मोबाइल क्रमांक. आवक कारकुनाला या पानाचा आधार असतो. गठ्ठ्यात एखादा कागद सुटला तर त्याला कळतं की काहीतरी कमी आहे, आणि कुणाला फोन करायचा तेही कळतं. मी स्वतः असे फोन केलेत. ज्या पाकिटात असं पत्र नसायचं, त्यातला सुटलेला कागद कुणाचा ते मला शोधूनही सापडायचं नाही.

पोस्टात सकाळी जा, शक्यतो मुख्य टपाल कार्यालयात. काट्यावरचं वजन तुमच्या डोळ्यांनी बघा. पावती हातात आली की खिडकी सोडायच्या आधी दोन गोष्टी वाचा: पिन बरोबर आहे का, आणि तेरा अक्षरांचा नंबर नीट उमटलाय का. दोन इंग्रजी अक्षरं, नऊ आकडे, शेवटी आयएन. चूक असेल तर तिथंच सांगा, तेव्हाच दुरुस्त होते. ही पावती ज्या कागदावर येते त्याची छपाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, म्हणून पायऱ्या उतरायच्या आधी फोटो काढा.

त्या नंबरावरून रोज रात्री एकदा बघा. बटवडा झाल्याचं दिसलं की त्या पानाचाही फोटो ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परिषदेला फोन करून अर्ज आवकला लागलाय का ते विचारा. पाकीट चार दिवस एकाच जागी अडकलेलं दिसलं तर थांबू नका. 1800 266 6868 वर तक्रार नोंदवा आणि पावती घेऊन मुख्य टपाल कार्यालयात जा. उशीर झाला तर भरलेले पैसे परत मिळण्याचा नियम आहे, पण आपल्याला पैसे नको आहेत, पाकीट पोचायला हवंय.

यजमानांना एक दिवस सुट्टी मिळत असेल, तर मात्र मी टपालाच्याही आधी हे सुचवेन. हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी निघायचं, साडेदहा-अकराच्या सुमारास पुणे, अर्ज समक्ष आवक विभागात द्यायचा, संध्याकाळच्या त्याच गाडीनं परत. जाताना त्या सोबतच्या पत्राची एक झेरॉक्स न्यायची आणि तिच्यावर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. ती पोच हातात आली की काळजी संपली. यंत्रमागावर एक दिवस बुडाला तर मजुरी बुडते हे मला ठाऊक आहे. म्हणून हट्ट धरत नाही. पण अधिवासाचा दाखला वीस तारखेपर्यंत मिळाला नाही, तर मग टपालाचा विचार सोडून द्या आणि दाखला हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी कुणीतरी गाडीत बसा.

एक शेवटचं काम तुमच्या दाराशी आहे. परीक्षेचं प्रवेशपत्र आणि पुढचा पत्रव्यवहार फॉर्मवरच्या पत्त्यावर येईल. 'अशोक चौकाच्या बाजूला' एवढ्यावर पोस्टमनला घर सापडत नाही. घर नंबर, पेठ, भाड्यानं राहत असाल तर घरमालकाचं नाव आणि तुमच्या भागाचा पिन फॉर्मवर पूर्ण लिहा. आणि तुमच्या गल्लीत येणाऱ्या पोस्टमनला एकदा थांबवून मुलीचं नाव सांगून ठेवा.

तुमची,
काकू